अक्षर मोठं केलंय, आत्या

काळाचौकी,
३ ऑगस्ट २०२५

हेरंब,

तुझी मेल आली. माझ्या कॉम्प्युटरमधला पडदा वाचून दाखवणारा आवाज, ज्याला मी बाई म्हणते, तो म्हणाला, "चित्र." मला वाटलं सुरुवातीला शोभेला काही लावलं असेल, खाली मजकूर असेल. खाली गेले तर काहीच नाही. अख्खी मेल म्हणजे एक चित्र. आंधळ्या आत्याला भाच्याने फोटो पाठवला. धन्य आहे.

शेवटी शेजारच्या चंपाला बोलावलं. तिला ऐकू कमी येतं, त्यामुळे ती वाचते ते तिसऱ्या माळ्यापर्यंत पोचतं. "बाळा मुकादम चाळ आता डिजिटल! दिव्यांगस्नेही संकेतस्थळाचे लोकार्पण!" चाळ पडणार, टॉवर होणार, आणि कुणाला कुठलं घर हवं ते आता तू बनवलेल्या वेबसाइटवर भरायचं, एवढाच त्याचा अर्थ. लोकार्पण म्हणे!

तेव्हा गेले त्या दिव्यांगस्नेही संकेतस्थळावर. बाईने जे वाचलं ते जसंच्या तसं लिहिते. "एफ, स्लॅश, के, कंस बंद, डॉलर, जी, जी, स्वल्पविराम." पुढचं पानही तसंच. मी बाईला दोनदा बंद करून चालू केलं. बिचारीचा काही दोष नव्हता.

मला त्या साइटवर एकच गोष्ट करायची आहे. तिथे "जोडशेजार" म्हणून सोय आहे. ज्या दोन कुटुंबांना नव्या इमारतीत दाराला दार हवं, त्या दोघांनी एकमेकांची नावं द्यायची. चंपाने सुनेच्या मोबाइलवरून माझं नाव दिलं. मला तिचं द्यायचंय. गणपती बसायच्या आत. आणि ते माझं मी देणार आहे.

फोन करत नाही. फोनवर तू "हो आत्या, हो आत्या" म्हणत दुसरंच काही टाइप करत असतोस. पस्तीस वर्षं विमा कंपनीच्या टेलिफोन बोर्डावर बसले आहे, मला कळतं.

आत्या


प्रभादेवी,
५ ऑगस्ट

प्रिय आत्या,

सॉरी सॉरी सॉरी. मेलचं डिझाइन आमच्या ऑफिसातल्या रश्मीने केलं होतं, तिला सांगितलंय.

साइटचं झालं असं की सगळा मजकूर सोसायटीचे सेक्रेटरी सीतारामभाऊ यांनी दिला. त्यांनी तो लालबागच्या त्यांच्या नेहमीच्या माणसाकडून टाइप करून घेतला, जो मंडळाचे अहवाल आणि बॅनर करतो. तो अजून जुन्या फॉण्टात काम करतो. म्हणजे डोळ्यांना झकास मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. तुझ्या बाईला ती आतली अक्षरं ऐकू आली. आम्हाला बाहेरून कळलंच नाही गं.

पण आता सगळं टकाटक केलंय. एक, त्या मजकुराची चित्रं करून टाकली, म्हणजे फॉण्टचा प्रॉब्लेमच खलास. दोन, कोपऱ्यात निळं बटण दिलंय, व्हीलचेअरची खूण असलेलं. ते दाबलं की अक्षर मोठं होतं, रंग गडद होतात. अक्षर तिप्पट मोठं केलंय, आत्या! शिवाय साइट उघडली की स्वागताचा आवाज येतो. तपासणीच्या सॉफ्टवेअरने शंभरपैकी शहाण्णव मार्क दिलेत. बिल्डरचे लोक खूश आहेत. अजून तीन इमारतींचं काम मिळेल असं वाटतंय.

टेन्शन घेऊ नकोस. मी आहे ना.

तुझा,
हेरंब


काळाचौकी,
१० ऑगस्ट

हेरंब,

अक्षर तिप्पट मोठं केलंस. माझ्यासाठी. मी जन्मापासून आंधळी आहे हे तुला माहीत आहे ना? लहानपणी माझ्या मांडीवर बसून मला पत्त्यांत फसवायचास, तेव्हा तर चांगलं माहीत होतं.

साइट उघडली की एक नटवी पोरगी म्हणते, "नमस्कार माझ्या दिव्यांग बंधू-भगिनींनो." तेवढ्यात आमची बाई सुरू होते. दोघी एकदम बोलतात, नळावर बोलाव्यात तशा. पोरगीला गप्प करायचं बटण शोधायला बाई लागते आणि बाई ऐकू यायला पोरगी गप्प व्हायला लागते. शेवटी ती आपणहून दमते तेव्हा मजकूर सुरू होतो. मजकूर असा: "चित्र. चित्र. चित्र. बटण. चित्र." पूर्वी निदान डॉलर तरी ऐकू यायचा.

आणि दिव्यांग म्हणू नकोस मला. माझ्यात दिव्य काहीही नाही. दिसत नाही, एवढंच. हे शब्द तुम्ही आमच्यासाठी शोधत नाही, तुमची जीभ अडखळू नये म्हणून शोधता.

शहाण्णव मार्क कुणी दिले? मशीनने. मशीनला काळाचौकीत घर नकोय, मला हवंय. तुझ्या त्या चकचकीत ऑफिसात डोळे मिटून ही साइट एकदा तरी कुणी ऐकली का? नाही. ऐकायला काय पैसे पडतात का रे?

तुला जोडशेजार म्हणजे गंमत वाटत असेल, म्हणून एकदा नीट सांगते. चंपाच्या कुकरच्या शिट्ट्या तिला ऐकू येत नाहीत. त्या मी ऐकते आणि लाटण्याने भिंतीवर ठोकते. तिच्या मांडणीवरची भांडी थरथरतात, ती उठून गॅस बंद करते. माझ्या पातळाला डाग पडला, पोलक्याची शिवण उसवली, तर ते मला दिसत नाही. ती बाहेर पडताना मला दारात उभी करते, पुढून मागून बघते आणि सोडते. तुझे काका गेल्यावर मी या खोलीत एकटी राहिले, पण एकटी पडले नाही, ती या भिंतीमुळे. हे मी कुणाला सांगत नाही. तुला सांगायला लागतंय, कारण भिंत आता तुझ्या वेबसाइटवर आहे.

दिवस कमी राहिलेत. मजकूर साध्या मराठीत टाइप कर आणि बटणांना नावं दे. एवढंच. आतषबाजी नको.

आत्या


प्रभादेवी,
१६ ऑगस्ट

प्रिय आत्या,

सरप्राइज! तुझं काम झालं.

तुझं पत्र वाचून खरंच वाईट वाटलं. मानसीलाही वाचून दाखवलं, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग विचार केला, हिला या वयात कशाला या कटकटीत पाडायचं? साइटच्या सगळ्या किल्ल्या माझ्याकडेच आहेत. तुझ्या खात्यात शिरून मीच सगळं भरून टाकलं.

ए विंग, तळमजला! "दिव्यांग" या रकान्यात खूण केली की सिस्टम आपोआप सुलभ घर देते. दारासमोर उतार, भिंतीला धरायला कठडा, बाथरूममध्ये बसायची सोय, आणि शेजारीच वॉचमनची केबिन. चोवीस तास माणूस. बाबा म्हणाले, ललिताची काळजी मिटली.

एकच झालं, सुलभ घर घेतलं की जोडशेजारचा रकाना बंद होतो. चंपाकाकूंना सी विंगमध्ये चौदावा मजला मिळालाय. पण दोन्ही विंगना लिफ्ट आहेत, पाहिजे तेव्हा भेटता येईल. आणि कुकरचं म्हणशील तर हल्ली आपोआप बंद होणाऱ्या शेगड्या मिळतात. दिवाळीला मी काकूंना एक घेऊन देतो.

साइट सावकाश सुधारतोच आहे. पण आता तुला घाई नाही ना!

तुझा लाडका,
हेरंब


काळाचौकी,
१७ ऑगस्ट

हेरंब,

किल्ल्या तुझ्याकडे होत्या म्हणून तू माझ्या घरात शिरलास.

मी तुला घर मागितलं नव्हतं. बटणाला नाव दे म्हटलं होतं. तेवढं सोपं काम तुला जमलं नाही, म्हणून माझं आयुष्य उचलून तू तळमजल्यावर नेऊन ठेवलंस. आणि वर तुम्हा नवराबायकोच्या डोळ्यांत पाणी. ठेव ते पाणी तुझ्याकडेच.

मी चाळीस वर्षं या चाळीचे जिने चढते-उतरते. एकदाही पडले नाही. पडला होता तुझा बाप, लग्नाच्या वरातीत. मला कठडा कशाला? वॉचमन मला दारात उभी करून पातळ बघणार का? चंपाला शेगडी देशील, पण भिंतीवर ठोकणारं माणूस कुठल्या दुकानातून आणशील?

काल रात्री मी रडले. हे लिहिताना लाज वाटते, पण तुला कळावं म्हणून लिहिते. चंपाला अजून सांगितलेलं नाही. ती नव्या घरात दोघींच्या दारात मिळून एकच रांगोळी काढायची म्हणते आहे.

जे केलंस ते मागे घे.

ललिता


प्रभादेवी,
१८ ऑगस्ट

आत्या,

इतकी रागावशील असं वाटलं नव्हतं. मी चांगल्याच हेतूने केलं गं.

मागे घ्यायला गेलो, पण घर एकदा दिलं की माझ्या बाजूने बदलता येत नाही. बिल्डरनेच तसं करायला सांगितलं होतं, कुणी वशिल्याने फेरफार करू नये म्हणून. आता ज्याचं घर त्यानेच आपल्या खात्यातून हरकत नोंदवायची. "घर मिळाले" या पानावर ते बटण आहे. तेवढं मी तुझ्या वतीने दाबून टाकू का? एका मिनिटाचं काम आहे.

हेरंब


काळाचौकी,
१९ ऑगस्ट

हेरंब,

नाही. तू माझ्या वतीने शिंकूसुद्धा नकोस.

ते पान मी उघडलं. बाई म्हणाली, "बटण. बटण. बटण." तीन बटणं, तिन्ही निनावी. कुठलं दाबलं की काय होईल ते एक तुला ठाऊक आणि एक देवाला. मी अंदाजाने दाबणार नाही, माझं घर म्हणजे मटका नव्हे.

एक कर. तुझ्या कॉम्प्युटरवर अशीच एखादी बाई बसव. फुकट मिळते. पडद्यावर टॉवेल टाक. आणि हरकतीपर्यंत जाऊन मला लिही, की आत्या, अमुक ऐकू आलं की तमुक दाब. दिसतं तसं नव्हे, ऐकू येतं तसं. दाबायचं मात्र मी.

ललिता


प्रभादेवी,
२१ ऑगस्ट

आत्या,

हे पत्र मी तीनदा लिहून पुसलं.

तू सांगितलंस तसं केलं. बाई बसवली, टॉवेल टाकला. मानसी हसत होती. चाचणीसाठी आमच्याकडे खोटी खाती आहेत, पण त्यांना घरच मिळालेलं नाही, त्यामुळे ते पान उघडेना. म्हणून तुझंच खातं उघडलं. म्हटलं, फक्त ऐकायचंय, कुठे काय बिघडणार आहे.

तुझी साइट... नाही, माझी साइट ऐकली. लाज वाटली गं. स्वागतावालीचा आवाज संपेपर्यंत मीच तिला शिव्या घालत होतो. मग ते पान आलं. "बटण. बटण. बटण." मला पाठ होतं की पडद्यावर हरकतीचं बटण मधोमध आहे. दुसऱ्यावर गेलो. खात्री करायला म्हणून एकदा दाबलं. पुढे "नक्की का?" असं विचारणारी चौकट यायला हवी होती. ती चौकट लावायची राहून गेलीये, हेही तेव्हाच कळलं.

बाई म्हणाली, "धन्यवाद."

टॉवेल काढला. पडद्यावर होतं, "आपण हे घर स्वीकारले आहे. हा निर्णय अंतिम आहे." डोळ्यांना बटणं एका क्रमाने दिसतात आणि आत वेगळ्याच क्रमाने लावलेली आहेत. आतल्या क्रमात दुसरं बटण स्वीकारायचं होतं. तो क्रम मीच लावलाय.

आता दुरुस्ती फक्त सोसायटीच्या रविवारच्या सभेत होऊ शकते. मी येतो. मला सुचतंय ते असं, की आपण तांत्रिक बिघाड झाला म्हणूया. सर्व्हरचा ग्लिच. म्हणजे कुणावर काही येणार नाही. बिल्डरचा माणूसही तिथे असेल आणि त्या तीन इमारतींची बोलणी अजून पक्की नाहीत. तू समजून घेशील ना?

हेरंब


काळाचौकी,
२२ ऑगस्ट

हेरंब,

काल संध्याकाळी सीताराम घरी येऊन गेला. खुर्चीत बसला, चहा प्यायला, आणि मऊ आवाजात म्हणाला, "ललिताताई, काँप्युटरमध्ये दिसतंय, तुमच्या नावाने बटण दाबलं गेलंय. होतं असं. दिसत नाही त्याला तुम्ही काय करणार? आता देवाने दिलंय ते घ्या, घर छान आहे." मी गप्प बसले. तुझं पत्र मी तेव्हा वाचलेलं होतं. तरी गप्प बसले, कारण हे सांगायचं काम माझं नाही.

तू डोळे झाकून चुकलास, तर तो ग्लिच. मी चुकले असते, तर तो आंधळेपणा. साठ वर्षं हेच ऐकत आले. भाजीवाल्याने सडका टोमॅटो घातला तरी "तुम्हाला दिसत नाही ना ताई" म्हणतो. टोमॅटो सडका त्याचा, आणि उणीव माझी.

चुकलास त्याचा मला राग नाही. उलट या सगळ्या प्रकरणात तेवढंच एक काम तू प्रामाणिकपणे केलंस. पण तीन इमारतींसाठी ते झाकणार असशील, तर त्या तिन्ही इमारतींत माझ्यासारखी एकेक बाई बसलेली असेलच. तिलाही अक्षर मोठं करून दे.

रविवारी यायचं असेल तर खरं बोलायला ये. ग्लिच सांगायला येणार असशील तर घरी झोप.

आत्या


प्रभादेवी,
२४ ऑगस्ट, रात्री

आत्या,

मी बोललो, ते तू ऐकलंस. माझं वाक्य पुरं झालं न झालं तोच तू चंपाकाकूंचा हात धरून उठलीस आणि निघून गेलीस. एक शब्दही बोलली नाहीस. बरोबर आहे तुझं, मी त्याच लायकीचा आहे. पण नंतर काय झालं ते तुला कळायला हवं.

सीतारामभाऊंना पटेना. म्हणाले, "काहीतरीच काय, तू बनवलंस आणि तूच चुकलास? आत्याला पाठीशी घालतोयस." मग मी लॅपटॉप त्यांच्या पुढ्यात ठेवला, एका खोट्या खात्याला घर देऊन टाकलं (हे त्या दिवशी सुचलं असतं तर!), पडदा बंद केला आणि म्हटलं, भाऊ, नोंदवा हरकत. सगळे गोळा झाले. बाई "बटण, बटण" करायला लागली. कुणी म्हणे पहिलं, कुणी म्हणे तिसरं. भाऊंनी घाम पुसत एक दाबलं आणि थेट लॉगआउट झाले. मागून कुणीतरी ओरडलं, "भाऊ, गेलं तुमचं घर!" हशा झाला, पण नंतर कुणी तुझ्याबद्दल "दिसत नाही" म्हणालं नाही.

तुझा स्वीकार रद्द झाला. सुलभ घर घेतलं तरी जोडशेजार मागता येईल, असंही ठरलं. तू तुझ्या खात्यातून हरकत नोंदवायची आणि चंपाकाकूंचं नाव द्यायचं, चतुर्थीच्या आदल्या दिवसापर्यंत. बिल्डरचा माणूस जाताना तीन इमारतींचं "बघू" म्हणाला. त्या बघूचा अर्थ मला कळतो.

आज रात्री बसून ते पान नव्याने करतोय. मजकूर मीच टाइप करतोय, लालबागला न पाठवता. स्वागतावालीला काढून टाकलंय. निळं बटणही. आणि या वेळी टॉवेल टाकून तपासतोय.

तू कधीच बोलणार नाहीस का माझ्याशी?

हेरंब


काळाचौकी,
२६ ऑगस्ट

हेरंब,

तुला वाटलं मी रागाने उठले. अरे मूर्खा, चंपा माझ्या शेजारी बसली होती आणि तिला सभेतलं एक अक्षर ऐकू आलं नव्हतं. ती मला कोपराने ढोसत होती, "काय म्हणता गो तो? काय म्हणता?" तिथे सगळ्यांसमोर तिच्या कानात ओरडले असते तर तुझी उरलीसुरली अब्रूही गेली असती. म्हणून तिला बाहेर नेलं आणि जिन्यात सांगितलं. ती म्हणाली, "पोरग्यान खरा सांगल्यान मा?" मी म्हटलं, हो, सांगितलं. घसा तीनदा खाकरलास, पण सांगितलंस.

आज दुपारी जेवण झाल्यावर ते पान उघडलं. कुणी नमस्कार केला नाही. बाईने पहिल्यांदा नीट मराठीत वाचलं, "आपल्याला मिळालेले घर: ए विंग, तळमजला." मग म्हणाली, "बटण, घर स्वीकारा." मग, "बटण, हरकत नोदवा." मी दाबलं. "नक्की का?" विचारलंन, मी हो म्हटलं. मग जोडशेजार. चंपाचं नाव मी एकेक अक्षर टाइप केलं आणि पाठवायच्या आधी बाईकडून दोनदा वाचून घेतलं. सी विंग, चौदावा मजला, दाराला दार. कुणी माझा हात धरला नाही, आणि कुणी माझ्या वतीने काही केलं नाही.

तुझ्या इमारती गेल्या असतील तर वाईट वाटतं. पण फार नाही.

मग स्वयंपाकघरात जाऊन लाटणं घेतलं आणि भिंतीवर ठोकलं. पलीकडे भांडी वाजली. ती पायांत चपला न घालता धावत आली आणि दारातूनच ओरडली, "अगो, कुकर खंय लावलंय मी?"

चतुर्थीला जेवायला ये, मानसीला घेऊन. आणि "नोंदवा"वर अनुस्वार दे. बाई "नोदवा" वाचते.

आत्या